एका लघवी तपासणीसाठी चार चकरा

आमच्या गावाहून तालुका ३५ किलोमीटर. तिथल्या लॅबमध्ये लघवीच्या एका तपासणीसाठी मला चार वेळा जावं लागलं, ऐन मे महिन्यात. अजून राग येतो.

पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरवर चरबी निघाली, ग्रेड २. मी दारूला शिवत नाही. वजन मात्र ८८ किलो, शुगर काठावर, बीपी चढतं. वय ४६, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) १.३, म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ६८ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, "फॅटी लिव्हरवाल्यांत किडनीचा त्रास जास्त आढळतो, लिव्हर कडक व्हायला लागलं की आणखीच. लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, किती झिरपते ते पाहू." चिठ्ठीवर लिहिलं: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतल्या या दोघांचं प्रमाण.

पहिल्या चकरेत लॅबवाल्यानं साधी रूटीन करून दिली. रिपोर्टवर 'अल्ब्युमिन: नाही'. मी खुश. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. थोडं झिरपत असेल तर रूटीन तपासणीच्या पट्टीवर उमटत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "लघवी तर झाली ना भाऊ तुमची, आता पुन्हा कायले?" चिठ्ठी पुढे केली तर वाचलीसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी नमुना घेतला, नागपूरला पाठवतो म्हणाले. आठ दिवसांनी फोन केला तर नमुना पोचलाच नव्हता! इकडे वावरात वखरणी अडलेली, जाण्यायेण्यात अख्खा दिवस जाते. चौथ्यांदा मी काउंटरवरून हललोच नाही. पावतीवर 'रेशो' हा शब्द माझ्यासमोर लिहून घेतला, मगच डबी दिली.

तुम्हीही पावती वाचून घ्या, पैसे देण्याआधी. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. अंगात ताप असेल किंवा आदल्या दिवशी वावरात जड काम झालं असेल तर थांबा, आकडा उगाच वाढतो.

माझा आला ८६. तो ३० च्या आत पाहिजे. पण एका आकड्यावर ठरत नाही, तीन महिने टिकला तरच किडनीचा आजार धरतात. तेवढ्यात डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, किडनीला जपणारी दिली. कंबरेसाठी मेडिकलमधून आणून खायचो त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या बंद केल्या. हे आधीच सांगायला पाहिजे होतं: दुखण्याच्या गोळ्या मनानं खाऊ नका, किडनीला त्याच जास्त भोवतात. अन् उन्हात काम करता तर पाणी पीत राहा, पाणी कमी पडलं तरी क्रिएटिनिन वाढते.

वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही कमी होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रात्रीचा भात सोडला, पहाटे धुऱ्यानं चालायला लागलो. ऑगस्टपर्यंत ८२ किलोवर आलो. रेशो ४१. म्हणजे आजार आहे, पण सुरुवातीचाच, अन् आकडा उतरतो आहे. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी घेतली अन् मी काही बोलायच्या आत स्वतःच मोठ्यानं वाचली, "अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, बरोबर ना काका?" मला फार बरं वाटलं. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे.