पाडव्याला गाणी बंद

2024 चा पाडवा 9 एप्रिलला आला आणि आमची पंचाईत झाली. रवांडाची राजधानी किगाली इथे आम्ही राहतो, आणि इथे 7 एप्रिलपासून स्मरण-आठवडा असतो. 1994 मध्ये हुतू अतिरेक्यांनी तुत्सी समाजातली माणसं मारली, त्या नरसंहाराला तेव्हा तीस वर्षं होत होती. या आठवड्यात लग्नं नाहीत, बारमध्ये गाणी नाहीत, कुठलाच जल्लोष नाही. आम्ही चार मराठी घरं जमणार होतो, स्पीकर आणला होता, पोरांचा नाच बसवला होता. शेजारच्या आजींनी आदल्या संध्याकाळी येऊन शांतपणे सांगितलं, जेवा-खा, पण गाणी नकोत.

मला रागच आला. म्हटलं, दुःख काय आम्हाला कळत नाही? आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात, आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. गेलेल्यांची आठवण आणि गाणं आमच्याकडे एकाच अंगणात नांदतं. तेराव्याला तर गोडाचं जेवण! हे सगळं मी बायकोला तावातावाने ऐकवलं. ती म्हणाली, मग आजींना सांगायचं होतं.

त्या आठवड्यात दुपारी वस्तीची सभा असते. ऑफिसातला एक जण सोबत होता, तोच मला हळू आवाजात भाषांतर करून सांगत होता. एक पन्नाशीचा माणूस उठला आणि आपली भावंडं कुठे, कोणी मारली ते बोलू लागला. ज्या घरातल्यांनी मारलं, त्या घरचे लोक दोन बाकं सोडून बसले होते. मध्येच एक बाई थरथरायला लागली, ओरडायला लागली. कोणी गर्दी केली नाही, फोन काढला नाही. स्वयंसेवकांचं जॅकेट घातलेल्या दोघी जणी तिला धरून बाहेर घेऊन गेल्या, पाणी दिलं, तिच्याजवळ बसून राहिल्या. आत तो माणूस पुढे बोलत राहिला. असं दरवर्षी कोणाला तरी होतंच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

ऐकलेलं सगळं गोड आहे असं नाही. गचाचा नावाची गावपंचायतीसारखी न्यायालयं 2012 मध्ये बंद झाली, तोवर त्यांनी सुमारे 19 लाख खटले चालवले. कबुली दिली की शिक्षा कमी. पण तुत्सींच्या बाजूने लढून जिंकलेल्या सैनिकांनी केलेल्या हत्या त्यांच्यापुढे आल्याच नाहीत, आणि त्यावर इथे उघड बोललेलंही चालत नाही. ओळखपत्रावर आता हुतू-तुत्सी लिहीत नाहीत, कारण 1994 मध्ये नाक्यानाक्यावर तेच बघून माणसं मारली. कोणाला ते विचारायचं नाही. आपल्याकडे आडनाव कळल्यावर दुसरंच वाक्य ‘म्हणजे कोणातले?’ असतं. माझी जीभ इथे आल्यावर बरेच दिवस वळवळायची.

दादाला फोनवर सभेचं सांगितलं. आम्ही धुळ्याचे. धुळ्यात 2008 ला आणि 2013 ला दंगल झाली, दोन्ही वेळा आम्ही संचारबंदी बघितली. शंभर दिवसांत आठ लाखांवर माणसं गेली त्या देशाशी तिची बरोबरी करणं खुळेपणाचं आहे, मला कळतं. तरी डोक्यात तेच आलं.

“जुनं उकरून कोणाचं भलं झालंय भो?” दादा म्हणाला. मी सांगितलं, इथे तर खरोखरच उकरतात. हुये जिल्ह्यात 2023 साली एका घराखाली मृतांचे अवशेष सापडायला लागले. त्यावर लोक राहत होते, शेजारी गप्प होते.

“आपलं तसं नाही,” दादा म्हणाला. “पलीकडच्या मोहल्ल्यातला तो चाचा आता रोज आपल्याच दुकानातून किराणा नेतो. हे काय कमी आहे?”

कमी नाहीच. सभा, समुपदेशक, जाहीर कबुल्या असलं काही न करता माणसं पुन्हा उधारीवर तेल द्यायला लागतात, यालाही मी कमी लेखणार नाही. सरकारी फतव्याने एवढं होत नसतं, असंही मला वाटतं.

मग मी विचारलं, दंगलीत त्या चाचाच्या घरी काय झालं होतं? दादा जरा थांबला. “काहीतरी झालं होतं बुवा,” म्हणाला, आणि कापसाच्या भावावर गेला.