रविवारची मोजणी

समन्स घ्यायला चौकीवर गेलो तेव्हा हवालदार म्हणाले, "साक्षीदार ना तुम्ही? मग एवढं काय घाबरायचं?" कागदावर जिल्हा न्यायालयाचा शिक्का होता, विशेष खटल्याचा क्रमांक होता आणि 'पोक्सो' हा शब्द होता, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. त्याखाली आरोपी म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांनीच मला पायपेटीवर 'सा' ओळखायला शिकवलं होतं.

शाळेचं, गावाचं, कुणाचंच नाव मी लिहिणार नाही. खटला अजून चालू आहे. पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, अगदी त्याच्या शाळेचं नावसुद्धा. काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत, आणि त्या मुलाने काय सांगितलं ते इथे अजिबात येणार नाही. लिहायला बसलो, कारण आमच्या शाळेतल्या बऱ्याच जणांना पोलिसांचा फोन आला होता. 'काही आठवत नाही' म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. नंतर त्यातलेच काही जण एकेकटे माझ्याशी तासतासभर बोलले. त्यांना सगळं आठवत होतं.

शाळा डोंगरावरची, मिशनची. मी २००९ मध्ये पाचवीत तिथे गेलो. घरी शुभंकरोति म्हणणारा मी, चॅपेल म्हणजे शाळेतलं ख्रिस्ती प्रार्थनाघर, हेही मला ठाऊक नव्हतं. जांभ्या दगडाची ती कौलारू इमारत जून ते सप्टेंबर धुक्यात बुडालेली असायची. दार उघडं राहिलं की धुकं आत शिरायचं आणि मेणबत्तीभोवती कडं धरायचं. ओल्या विंडचीटरांचा वास, बाकांखाली चिखलाचे बूट, आणि भाता भरताना पायपेटीचा आधी येणारा नुसता श्वास, मग सूर. आमच्यात ख्रिस्ती मुलं मोजकीच होती. बाकीचे आम्ही हिंदू, काही मुसलमान, एक जैन. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती. घरची आठवण येऊन रडायचं असेल तर ती एकच जागा होती. डोळे मिटून मान खाली घातली की कुणी काही विचारत नसे. पहिलं वर्षभर मी तिथेच रडलो आणि तिथेच सावरलो.

हे आधी सांगतोय, कारण २०२१ मध्ये तक्रार दाखल झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांनी आधी चॅपेलचीच आठवण काढली. कुणी जुना फोटो टाकला. कुणी लिहिलं, 'ज्या माणसाने आपल्याला गायला शिकवलं, तो असं करणारच नाही.' कुणाला शाळेच्या बदनामीची काळजी होती. एका मुलीने फक्त एवढंच लिहिलं की पायपेटीचा आवाज आला की तिला खोलीबाहेर जावं लागतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. दोन दिवस ग्रुप गप्प होता, मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

मला मात्र मोजणी आठवली.

नववीत, म्हणजे २०१३ च्या जूनपासून, मी चॅपेलचा प्रीफेक्ट, म्हणजे मुलांची हजेरी बघणारा विद्यार्थीप्रमुख, होतो. मुलांच्या बाजूला ९ बाक, दर बाकावर ६ जण, म्हणजे ५४. प्रार्थना सुरू होण्याआधी मोजायचं आणि वहीत लिहायचं. त्या पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी ५३ भरायचे. पाचवीतला एक कमी. गाणं शिकवणारे सर माझ्याजवळ येऊन सांगायचे, "तो डॉर्मवर झोपलाय रे, आजारी लिही." मी लिहायचो. ५३ अधिक १ आजारी, मोजणी जुळायची. प्रवचन सुरू झालं की पायपेटीपुढचं स्टूल रिकामं व्हायचं. शेवटच्या गाण्याला सर परत जागेवर असायचे. मी पाहत होतो, आठवड्यामागून आठवडे. दर रविवारीच का आजारी पडतो हा, असं मनात आलंही होतं. विचारलं नाही. सर होते ते.

पोलिसांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी हे एवढंच सांगितलं. जबाब लिहिणाऱ्या बाई साध्या आणि शांत होत्या. सही कुठे करू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, साक्षीदाराच्या पोलिसांपुढच्या जबाबावर सही नसते, न्यायालयात बोलाल तोच पुरावा. हे मला ठाऊक नव्हतं. बहुतेकांना नसतं, म्हणून लिहून ठेवतो.

त्या रात्री मी कायदा वाचला. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, म्हणजे आमच्या त्या पावसाळ्याच्या जेमतेम सात महिने आधी. तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. माहिती असून कळवली नाही तर तोही गुन्हा आहे, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी छातीत धडधड घेऊन ते कलम शेवटपर्यंत वाचलं. त्यातच पुढे लिहिलंय की ही शिक्षा १८ वर्षांखालच्या मुलाला लागू नाही. मी तेव्हा १४ वर्षांचा होतो. कायद्याने मला सोडलं होतं. मी रात्रभर जागाच राहिलो.

वडील म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "शहाण्यांनीच चढली नाही म्हणून तर एवढी वर्षं गेली." पुढे तो विषय घरात निघाला नाही. प्रत्येक तारखेला तिने पहाटे उठून पोळीभाजीचा डबा भरून दिला.

तारखा तीन पडल्या. शक्यतो वर्षभरात खटला संपवावा असं कायदा म्हणतो; हा तर २०२१ चा, आणि माझी साक्ष झाली २०२४ च्या जुलैत. पहिल्या खेपेला बचावाच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज आला. दुसऱ्यांदा न्यायाधीश रजेवर होत्या. दोन्ही वेळा पहाटेची एसटी, दिवसभर व्हरांड्यात बसणं आणि रात्री परत. सुट्टी किती वेळा मागायची, कारण काय सांगायचं, यातच माणूस थकतो. कुणी साक्ष देणार असाल तर एकच खेप धरून जाऊ नका. हजेरीचा दाखला मागून घ्या, ऑफिसात उपयोगी पडतो. प्रवासभत्त्याचंही विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी सरकारी वकील बाईंनी सकाळी मला माझा जबाब वाचायला दिला. म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच बोला. कुणाकडून ऐकलेलं सांगू नका, ते टिकणार नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज बांधू नका." मग पुकारा झाला. पोक्सोचं काम बंद दाराआड चालतं, त्यामुळे आत न्यायाधीश मॅडम, दोन्ही बाजूंचे वकील, स्टेनो, शिपाई आणि मागे ते. केस पांढरे झालेले. मी हात जोडता जोडता थांबलो. सवयीचे हात होते.

ईश्वरसाक्ष शपथ घेतली. सरतपास, म्हणजे सरकारी वकील बाईंचे प्रश्न, वीसेक मिनिटांत संपला. मी "सर म्हणाले" म्हणायचो, आणि स्टेनोच्या पडद्यावर "आरोपी म्हणाला" असं उमटायचं. मला तो शब्द शेवटपर्यंत तोंडाने म्हणता आला नाही. मॅडमनीही आग्रह धरला नाही.

उलटतपास दीड तास चालला. अकरा वर्षांपूर्वीचे आकडे कसे आठवतात? बाक किती? दिवा कुठे होता? पायपेटी डाव्या हाताला की उजव्या? वकिलांना वाटत होतं, मी कुठेतरी अडखळेन. पण त्या जागेत मी सहा वर्षं आठवड्यातून तीनदा बसलो होतो. छताची गळकी कौलंही मला मोजून ठाऊक होती. मोजणीची वही कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ती सापडलेली नाही. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. प्रवचनाच्या वेळी सर कुठे जात होते ते पाहिलं का? नाही पाहिलं, मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तुम्ही हिंदू. चॅपेलची सक्ती होती, त्याचा तुमच्या मनात राग आहे, म्हणून तुम्ही शाळेविरुद्ध खोटं बोलताय."

त्या क्षणी माझा आवाज पहिल्यांदा फाटला. मी म्हणालो, चॅपेल हा माझ्या शाळेतला सगळ्यात चांगला तास होता. मॅडमनी स्टेनोकडे पाहून सावकाश मजकूर सांगितला, "असे म्हणणे खरे नाही की, चॅपेलच्या सक्तीमुळे माझ्या मनात राग होता." चांगल्या तासाचं वाक्य कागदावर आलं नाही. न्यायालयाची भाषा तशीच असते, हे मी आता समजून घेतलंय. पण ते वाक्यही खरं आहे, माझ्यासाठी दोन्ही खरी आहेत. एकाला जागा करून द्यायला दुसरं पुसायची माझी तयारी नाही. ग्रुपवर हेच मला कधी नीट लिहिता आलं नाही.

साक्ष वाचून दाखवली, मी सही केली. बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मुलाची आई. त्यांची साक्ष आधीच झालेली होती, तरी प्रत्येक तारखेला त्या येतात. आतलं काही मला बोलता येणार नव्हतं आणि त्यांनीही ते विचारलं नाही. पाऊस लागला होता. मी डबा उघडला, त्यांना पोळी दिली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "दादा, तिथं गाणी म्हणायचे ना? तो घरी कधी गायलाच नाही. कुठं बसायचा तो?"

मी म्हणालो, "तिसऱ्या बाकावर. खिडकीकडून दुसरा."