मुलींच्या मुलखात चार दिवस: बेळगाव, गोकाक, कित्तूर

आधीच सांगून टाकते. यात आमच्या दत्तक मुलींची नावं नाहीत, संस्थेचं नाव नाही आणि ज्या गावाहून त्या संस्थेत आल्या त्या गावाचंही नाही. ती गोष्ट त्यांची आहे, मोठ्या झाल्या की सांगायची की नाही ते त्या ठरवतील. मी फक्त गाडी, रस्ता, जेवण आणि आमच्या चुका यांबद्दल लिहिणार आहे.

आम्ही पुण्याचे. 2015 साली दोघी सख्ख्या बहिणी एकदमच घरी आल्या. मोठी साडेचार वर्षांची, धाकटी सव्वा वर्षाची. मोठी बोलत होती, पण फक्त कानडी. पहिल्या रात्री ती एकसारखी 'नीरु, नीरु' करत होती. आम्हाला वाटलं, संस्थेतल्या कोणा नीरूची आठवण येतेय. मी तिला जवळ घेऊन 'नीरू येईल हं उद्या' असं समजावत बसले. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचं माहेर धारवाडचं. दारातूनच म्हणाल्या, "अहो, पोर पाणी मागतेय!"

चार-पाच महिन्यांत तिचं कानडी पार गेलं. जून उजाडेपर्यंत ती चुरूचुरू मराठी बोलायला लागली आणि आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. तिच्या तोंडून काय जातंय, याचा विचार आमच्या मनाला शिवलासुद्धा नाही. उलट शाळाप्रवेशाच्या वेळी बरं झालं, असंच वाटलं.

2024 साली नववीत असताना ती म्हणाली, "मला ते सगळं बघायचंय. पण कोणाला शोधायचं नाहीये." या दोन वाक्यांतला फरक आम्हाला कळायला जरा वेळ लागला. जन्मदात्यांचा शोध घेणं ही वेगळी गोष्ट आणि ज्या मातीतून आलो तिथे जाऊन येणं ही वेगळी. आम्ही दुसरी केली. पहिलीबद्दल थोडं पुढे लिहिते, कारण तिथेच आम्ही ठेचकाळलो.

निघालो 2025च्या जानेवारीत. वेळ मुद्दाम निवडली होती. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत हॉटेलं भरलेली आणि रस्त्यांवर बंदोबस्त. 1 नोव्हेंबरला तिकडे राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस, तेव्हा तर मुलांना घेऊन जाऊच नका. सीमाभागात तणाव असला की दोन्हीकडच्या एसटी सीमेवरच थांबतात, म्हणून आदल्या दिवशी बातम्या बघून घ्या. जानेवारीत हवा छान असते, शाळू उभा असतो, उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर असतात. रात्री गाडी चालवू नका ती त्यासाठीच. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या, आणि मागे दिवा असेलच असं नाही.

पुणे ते बेळगाव साधारण 340 किलोमीटर. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू होतं, जागोजागी वळवलेला रस्ता, त्यामुळे सहा तासांचे आठ झाले. रेल्वेने जायचं तर पुणे-हुबळी वंदे भारत आहे, पण ती रोज नसते. आम्हाला तालुक्यांतून हिंडायचं होतं म्हणून गाडीच बरी पडली. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला आणि पाट्या बदलल्या. धाकटी मागून म्हणाली, "ही जिलेबी कोण वाचणार?" मोठी म्हणाली, "तुझी आई." मग एकदम गप्प झाली. मी आरशात बघितलं नाही.

मुक्काम टिळकवाडीत, एका घरगुती लॉजवर. मालकीणबाई अस्सल बेळगावच्या. "मी सांगतो तुम्हाला, खरं आधी च्या घ्या," अशी त्यांची भाषा. बाई असून 'मी सांगतो' म्हणते आणि 'पण' च्या जागी 'खरं', याची मुलींना फार गंमत वाटली. बाई स्वतः महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्च्यांना जाणाऱ्या. कानडी राज्यकारभाराविषयी त्यांच्याकडे तासभर पुरेल एवढा राग होता. पण दूधवाला आला, की त्याच्याशी कानडीत हसतखेळत हिशोब. पुण्यात बसून सीमाप्रश्नावर बोलताना ही दुसरी बाजू आपल्याला दिसत नाही. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हापासूनचं हे भांडण, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात. आणि तरी एका उंबऱ्यात दोन भाषा नांदतात. मला आमचंच घर आठवलं. आमच्या उंबऱ्यात मात्र आम्ही एका भाषेला बाहेर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संस्था. इथली चूक नीट वाचा. आम्ही फोन करून वेळ घेतली होती आणि 'या की' असं उत्तरही आलं होतं. आम्ही धरून चाललो की गेलो, बसलो, की फाइल समोर येईल. अधीक्षिकाबाईंनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, की भेट वेगळी आणि नोंदी बघणं वेगळं. नोंदींसाठी 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, रीतसर अर्ज करावा लागतो. मूल अठराच्या आतलं असेल तर दत्तक आईबाप आणि मूल यांचा मिळून अर्ज. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाला एकट्यालाही करता येतो. तिसऱ्या माणसाला शोध घ्यायला लावता येत नाही, मग तो वकील असो, पत्रकार असो की ओळखीतला कोणी. आणि ज्या आईबापांनी मूल सोपवताना आपली ओळख उघड करू नका असं सांगितलं असेल, त्यांना आधी विचारलं जातं. ते नाही म्हणाले, तर ओळख मिळत नाही. मात्र मूल का आणि कोणत्या परिस्थितीत सोपवलं, ते सांगितलं जातं.

हे सगळं ऐकताना मला राग येत होता, पण बाई बरोबर बोलत होत्या. त्यांचं आणखी एक सांगणं होतं: गावात जाऊन फोटो दाखवत विचारपूस करू नका. कोणा बाईने दहा-बारा वर्षांपूर्वी कोणाला न सांगता घेतलेला निर्णय तुम्ही पारावर नेऊन ठेवाल. आमच्या मनात तसं काही नव्हतं, असं मी म्हटलं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या खिशात मुलींचे लहानपणचे फोटो होते.

तर फाइल मिळाली नाही. स्वयंपाकघरात मात्र एक मावशी होत्या. तेव्हा आया होत्या, आता भाकरी करतात. त्यांनी मोठीकडे दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि अर्ध्या मराठी अर्ध्या कानडीत सांगितलं, की ही पोरगी खाटेवर झोपायची नाही. धाकटीच्या पाळण्याखाली सतरंजी ओढून झोपायची, कितीदा उचलून ठेवली तरी परत खाली. मोठीने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे मी तेव्हापासून हिची नोकर." धाकटी दिवसभर खूश होती.

संस्थेत जाताना खेळणी, केक असलं काही परस्पर नेऊ नका. काय लागतं ते आधी विचारा. आम्हाला सांगितलं होतं, अंगाचा साबण आणि थंडीच्या टोप्या. आतल्या मुलांचे फोटो काढू नका. मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. आम्ही संध्याकाळी खडेबाजारात खरेदी ठरवली होती. मोठी गाडीतून उतरलीच नाही. शेवटी कुंदा घेतला आणि लॉजवर परतलो.

तिसऱ्या दिवशी गोकाक. बेळगावहून दीड-दोन तास. घटप्रभेचा धबधबा पन्नासेक मीटर उंचीचा. पण जानेवारीत त्याची नुसती एक धार उरते. पाणी बघायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर जा. काठावर कापडगिरणी आहे. या धबधब्याच्या पाण्यावर 1887 सालीच वीज तयार केली होती, असं नवऱ्याने मुलींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुली माकडं बघत होत्या. गावात लाकडी खेळणी मिळतात, रंगवलेली फळं तर इतकी हुबेहूब, की धाकटीने पेरू दातांखाली धरून पाहिला. करदंट घ्या, डिंक आणि सुक्यामेव्याचा, प्रवासात टिकतो.

धबधब्यापाशी मोठीला काहीतरी आठवेल अशी मला आतून आशा होती. तिला पाण्याचा मोठा आवाज आठवतो, असं ती लहानपणी म्हणायची. तिथे उभं राहून तिने निवांत सांगितलं, "हे नाही. मला वाटतं तो पंपाचा आवाज असेल." झालं. मुलांना असं काहीतरी आठवून घ्यायला लावू नका. आमच्या चेहऱ्यावरची वाट बघणं तिला दिसत होतं आणि तिला ते जड जात होतं.

दुपारी एका खानावळीत बसलो. जोंधळ्याची पातळ रोटी, भरलेली वांगी म्हणजे तिकडची एण्णेगाई, शेंगाचटणी, दही. वाढणाऱ्या अक्कांना मराठी जेमतेम येत होतं. गोकाक-बैलहोंगल भागात बेळगाव शहराइतकं मराठी चालत नाही, हे लक्षात ठेवा. थोडं हिंदी चालतं. पण दोन-चार शब्द पाठ करून गेलात तर चेहरे खुलतात: 'साकु' म्हणजे पुरे, 'सोल्प' म्हणजे थोडं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा 'री'. 'ऊटा आतेन्री?' म्हणजे जेवण झालं का. आपलं तूप म्हणजे त्यांचं तुप्प, आणि अक्का, अण्णा तर आपणही म्हणतोच.

धाकटी अक्कांकडून आकडे शिकत होती. एकेका रोटीला एक आकडा. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. पाचावर गाडी अडली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पाचावर. मोठी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "आरु, एळु, एंटु."

आमच्यातलं कोणी काही बोललं नाही. तिने स्वतःच मान वर केली, थोडी गोंधळून. अक्कांनी 'ओंबत्तु' म्हणून दोन सेकंद वाट पाहिली. मोठीच्या तोंडून 'हत्तु' आलं. मग अक्कांनी तिच्या ताटात न विचारता आणखी एक रोटी टाकली आणि आत निघून गेल्या. नवरा हात धुवायला उठला, तो बराच वेळ हात धूत होता.

चौथ्या दिवशी कित्तूर. बेळगावहून धारवाडच्या दिशेने पन्नासेक किलोमीटर, महामार्गालगत. दत्तक मुलं असलेल्या प्रत्येक घराने इथे जावं, असं माझं मत झालं. झाशीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. कित्तूरची तिच्याही तेहतीस वर्षं आधीची. गादीसाठी घेतलेलं शिवलिंगप्पाचं दत्तकविधान कंपनी सरकारने नामंजूर केलं आणि राणी चन्नम्माने शस्त्र उचललं. ऑक्टोबर 1824 च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. 1829 साली ती तिथेच गेली. तिची समाधी बैलहोंगलला आहे आणि जन्मगाव काकती बेळगावच्या वेशीवर, पुण्याहून येताना महामार्गावरच लागतं.

वाड्याचे अवशेष आहेत, जाड भिंती, पाण्याची सोय, शेजारी छोटं संग्रहालय. सुट्टीचा वार बघून, उघडं असल्याची खात्री करूनच जा. तिथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी दत्तक, वारस, राज्य खालसा वगैरे सांगत होते. मोठीने मध्येच थांबवलं. "म्हणजे ती मुलासाठी लढली की राज्यासाठी?" मी म्हटलं, दोन्हीसाठी. "असं नसतं," ती म्हणाली. धाकटीला त्या मुलाचं पुढे काय झालं ते हवं होतं. तो आणि राणी एकत्र राहिले का, एवढाच तिचा प्रश्न. त्याचं उत्तर मला देता आलं नाही. राणीच्या तलवारीचं सगळं सांगून झालं होतं माझं, पोराचं काहीच नाही.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं. दत्तक आदेशाची प्रत आणि मुलांची आधारकार्डं जवळ असू द्या. संस्थेला पत्र पाठवणार असाल तर इंग्रजी किंवा कानडीत पाठवा. मुलांबरोबर काम केलेल्या समुपदेशकाशी निघण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा बोला. आमची नंतरची भेट जास्त कामाची ठरली. आजी-आजोबांना पहिल्या खेपेला नेऊ नका, त्यांचे उसासे मुलांना झेपत नाहीत. चार दिवसांत तीन ठिकाणं पुष्कळ झाली. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्या यादीत होती, ती आम्ही सोडली.

कडक भाकऱ्या आणणार असाल तर पत्र्याच्या डब्यातून आणा. आम्ही पिशवीतून आणल्या, साताऱ्यापर्यंत चुरा झाला. मोठीने तो आठवडाभर ताकात कालवून खाल्ला, धाकटीला वाटा न देता.