‘ही लाळ आहे, बेडका आणा’

तीन वेळा माझी थुंकीची डबी परत आली. प्रत्येक वेळी प्रयोगशाळेच्या खिडकीतून तेच वाक्य: ‘ही लाळ आहे, बेडका आणा.’ पाच महिने झाले, तरी ते आठवलं की अंगाची लाही होते. बेडका येतच नव्हता, आणि तो न येणं हा माझ्या आजाराचाच भाग होता.

एचआयव्हीचं निदान, समुपदेशन, रक्ततपासण्या हे सगळं भराभर उरकलं. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिकार-पेशींचा आकडा, ८६ आला. तीन आठवड्यांचा कोरडा खोकला, संध्याकाळी ताप, एक जिना चढलो की बसावं लागे. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसेना, म्हणून सगळं अडलं थुंकीवर.

पहिला नमुना दुपारी दिला. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकायचं असतं, हे नंतर कळलं. तुम्ही पहिल्याच खेपेला तसं करा. दुसऱ्यांदा तसंच केलं, तरी नुसता फेस. तिसऱ्यांदा खोकून खोकून डोळ्यांपुढे अंधारी आली. एकेका खेपेत दोन-दोन दिवस जात होते आणि दम वाढतच होता. खिडकीतल्या माणसाला वाटे, मी नीट खोकतच नाही.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावून मला व्हरांड्यात चालवलं. बसून ९५, चालून आल्यावर ८७. दम लागत असेल तर बसून घेतलेल्या आकड्यावर समाधान मानू नका, चालवून बघा म्हणा.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. फुप्फुसातल्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. श्वासातून आलेले जंतू त्या गिळतात. पण गिळलेलं मारायला त्यांना चेव आणावा लागतो, आणि ते काम सीडीफोर पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडून करतात. विषाणू सीडीफोर पेशी संपवतो, शिवाय काही मॅक्रोफेजमध्येही शिरतो. सीडीफोर २०० च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस ही बुरशी फोफावू शकते. वायुकोश फेसाळ, चिकट द्रवानं भरतात आणि तो खोकून सहज सुटत नाही. क्षयातही असंच फसायला होतं: फुप्फुसात पोकळ्या पडतात त्या शरीराच्या प्रतिकारामुळे. प्रतिकारच क्षीण असेल तर पोकळी नाही, थुंकीत जंतू कमी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ‘निगेटिव्ह’. तेवढ्यावर घरी जाऊ नका, थुंकीतल्या जंतूंची जनुकीय तपासणी मागा.

मला वेगळ्या हवेशीर खोलीत ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरनं दिली आणि नमुना मिळाला. इतकं सोपं होतं! पहिल्या दिवशीच का नाही केलं? क्षय नव्हता, बुरशी सापडली.

पुढे २१ दिवस त्या बुरशीवर कोट्रिमोक्साझोल हे औषध. रक्तातला ऑक्सिजन कमी होता म्हणून सोबत स्टेरॉइड. एचआयव्हीची औषधं दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली.

एक राहिलंच. सीडीफोर चांगला असला तरी एचआयव्ही असताना साधा न्यूमोनिया आणि क्षय यांचा धोका जास्तच राहतो, आणि विडी-सिगारेटनं तो आणखी वाढतो. मी सिगारेट सोडली.

बुरशी परत उलटू नये म्हणून कोट्रिमोक्साझोलची रोजची गोळी अजून चालू आहे. एचआयव्हीची औषधं चालू असताना सीडीफोर २०० च्या वर जाऊन तीन महिने टिकला की ती थांबवतात. मागच्या तपासणीत १७४ होता. जिना मात्र आता न थांबता चढतो.