लुचणं

काल दुपारी भाचीकडे गेले होते. बाळ 22 दिवसांचं. ती भिंतीला टेकून पाजत होती, मी समोर लाडवांचा डिंक निवडत बसले होते. बाळाला वारा लागेल म्हणून ताईने पंखा बंद केलेला, त्यामुळे खोलीत आवाज एकच. आधी भराभर लुच् लुच् लुच्, सेकंदाला दोनेक. मग पान्हा फुटला असणार, कारण चाल एकदम संथ झाली. एक ओढ, एक घोट, एक श्वास. घोटाला घशातून बारीक ‘क्’. डिंक बाजूला राहिला आणि मी ‘क्’ मोजायला लागले.

आंबा चोखायचा असतो. लुचतात ती वासरं, करडं आणि बाळं.

"मावशी, टाळू बघ कशी उडतेय!"

टाळू म्हणजे डोक्यावरची. तोंडातल्या छतालाही आपण टाळूच म्हणतो, आणि खरं काम चाललेलं असतं तिथे. मला इतकी वर्षं वाटायचं, बाळ धार काढल्यासारखं दूध पिळून घेतं. पण अल्ट्रासाउंडमध्ये वेगळंच दिसलं म्हणे: जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होते आणि त्या ओढीने दूध येतं. एवढ्या ओढीतही गाल आत जात नाहीत, कारण गालांत चरबीच्या गाद्या असतात. आमची आजी दात गेल्यावर रायवळ चोखायची तेव्हा तिच्या गालांना वाटीएवढे खड्डे पडायचे.

आजीच्याच ओसरीवर मी आणि मामेभावाने चार आण्यांची पैज लावली होती: श्वास न थांबवता पेलाभर पन्हं संपवायचं. माझं पन्हं नाकातून आलं, वेलचीसकट. वर आईचा धपाटा. चार आणे अजून यायचेत.

बाळाला ही पैज जवळजवळ जमते. त्याचं स्वरयंत्र गळ्यात इतकं वर असतं की त्यावरचं झाकण पडजिभेच्या आसपास पोचतं. हवा मधून जाते, दूध दोन्ही बाजूंनी. गिळताना श्वास थांबतो, पण पापणी लवावी इतकाच. पुढे स्वरयंत्र खाली उतरतं, माणूस बोलायला लागतो आणि त्याला ठसके लागायला लागतात. मला तर हल्ली चहाचाही लागतो. कोणी आठवण काढत असेल असं काही वाटत नाही.

गिळायला बाळ पोटातच शिकतं, तिसरा महिना सरता सरता गर्भजल गिळायला लागतं. ओढ, घोट आणि श्वास यांचा मेळ मात्र 34व्या आठवड्याच्या आसपास बसतो. माझा मुलगा 32व्या आठवड्यात आला. नाकातून नळी, आणि वाटीत काढलेलं माझं दूध नर्स सिरिंजने त्या नळीत सोडायची. मी काचेबाहेर उभी. सतराव्या दिवशी त्याला पहिल्यांदा अंगावर घेतलं. त्याने चार वेळा ओढलं, दमला, झोपला. ‘क्’ आला की नाही, मला कळलंच नाही. वॉर्डात पंखा होता.

काल 140 पर्यंत मोजले. बाळाचं तोंड सुटलं, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला. झोपेतही जीभ चालूच होती.

"डिंक झाला का गं?" ताईने आतून विचारलं.

"होतोय," म्हटलं.