ठाण्यात बसून भरलेला पार्ट बी

जुलैत राम मारुती रोडवर पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट बघता बघता टम्म फुगलं. रिक्षावाल्याने हॉस्पिटलच्या दारात सोडलं. कॅशलेसच्या काउंटरवर डाव्या हाताने पर्समधून कार्ड काढलं, तर ते नेमकं मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, निघालं! लाल-पांढरं-निळं, कागदी. काउंटरवरच्या मुलीने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"काकू, हे कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही गं, सरकारचं आहे."

"आयुष्मान का?"

तेवढ्यात नवरा फाईल घेऊन पोचला म्हणून निभावलं. इथली पॉलिसी त्या फाईलमध्ये होती. प्लेट बसवायचा खर्च बराचसा तिच्यातून निघाला. हातमोजे नि सिरिंजांचे नऊ हजार मात्र खिशातून गेले, ते असो.

पण महिनाभर हात गळ्यात बांधून घरी बसल्यावर मेडिकेअरच्या हप्त्याचा जुना वाद पुन्हा निघाला.

न्यू जर्सीत आम्ही सव्वीस वर्षं काढली. नोकरीत दोघांनीही मेडिकेअरचा कर भरला. चाळीस तिमाह्या केव्हाच पुऱ्या झाल्या, म्हणून पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलात दाखल होण्याचा भाग, फुकट. डॉक्टर, तपासण्या वगैरेंसाठी पार्ट बी, त्याला दरमहा हप्ता. २०२५ मध्ये १८५ डॉलर होता, २०२६ साठी २०२ डॉलर ९० सेंट झाला. सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनमधून, तो परस्पर कापला जातो, आपल्या खात्यात उरलेलं येतं. आणि ठाण्यात या दोन्हींचा उपयोग शून्य, कारण अमेरिकेबाहेरच्या उपचारांना मेडिकेअर जवळजवळ काहीच देत नाही. मोजके अपवाद आहेत. अलास्काला रस्त्याने जाताना वाटेत कॅनडात काही झालं आणि तिथलंच हॉस्पिटल जवळ पडलं, तर चालतं. "घोडबंदर रोड त्या वाटेवर येत नाही," इति नवरा.

२०२२ च्या सुरुवातीला आम्ही परत आलो आणि मार्चमध्ये त्याने स्वतःचा पार्ट बी बंद करून टाकला. मी चालू ठेवला. तेव्हापासून दर महिन्याला बँकेचा मेसेज आला की एक तरी टोमणा ठरलेला. मागच्या वर्षी न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे गेले तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन पार्ट बीवर करून घेतलं, वीस टक्के माझे गेले. त्यावर म्हणाला, "वर्षाचे दोन हजार दोनशे वीस डॉलर भरतेस. त्यात नौपाड्यात दोन्ही डोळे झाले असते, वर चष्मा." हिशेब त्याचाच बरोबर आहे, ते मी तेव्हाही कबूल केलं होतं.

पण बंद केलेला पार्ट बी पुन्हा घ्यायचा तर आमच्यासारख्यांना जानेवारी ते मार्च एवढीच खिडकी. शिवाय मध्ये गेलेल्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्यावर दहा टक्के दंड, तोही जन्मभर. मी एकोणसत्तरची, तो त्र्याहत्तरचा. लिफ्ट बंद पडली की चौथा मजला आताच नको होतो. पुढे मुलीकडे जायची वेळ आली तर?

"वेळ आली म्हणजे कसली वेळ?" त्याने विचारलं.

मी गप्प.

"मी गेल्यावर, असंच ना?"

मी एका हाताने दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेले. आता प्लास्टर नाही, पण ते उत्तर अजून दिलेलं नाही. खरं सांगायचं तर होय, तेच. दरमहा दोनशे डॉलर मी त्या एका शक्यतेपोटी भरते, आणि तिचं नाव घरात कुणी काढत नाही. इथली पॉलिसी काढताना एजंटसमोर आम्ही दोघं मरणाबद्दल किती मोकळेपणी बोललो होतो! तिथे नॉमिनीचा रकाना होता, एवढंच.

परवा पेपर वाचता वाचता त्याने सुडोकूच्या कडेला काहीतरी लिहिलं. चहाचे कप उचलताना पाहिलं: २०२.९०, चार वर्षं, ४०%, आणि खाली अधोरेखित करून २८४.

"कसलं गणित?" मी विचारलं.

"काही नाही. तुझा तो फॉर्म कुठे मिळतो?"

मी प्रिंट काढून दिली. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. फॉर्म फ्रिजवर दूधवाल्याच्या बिलाशेजारी लावलाय. नाव भरलंय, सही नाही.