उन्हाळ्यातील पेंट रिमूव्हरची निवड : जुन्या ऑइल इंजिनाचे काम, भाग दुसरा

चोपडा तालुक्यातील एका विहिरीवरून आणलेल्या सावकाश चालीच्या ऑइल इंजिनाचे सर्व भाग आता सुटे झाले असून, रंग काढण्याचे काम निम्म्याहून पुढे गेले आहे. वर हिरवा एनॅमल, त्याखाली जुना ऑइल पेंट, तळाशी शेंदरी प्रायमर आणि बिडाचा खडबडीतपणा झाकण्यासाठी कारखान्यातच भरलेली लांबी (पुट्टी), असे थर निघाले. तो शेंदरी थर शिशाचा असू शकतो, हे गृहीत धरूनच काम आखले आणि ग्राइंडरला वायर ब्रश लावून कोरडे घासणे सुरुवातीलाच बाद केले. रसायनाने रंग ओला निघतो, त्याची धूळ फुप्फुसात जात नाही. मला हा फायदा वेळेच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो.

काही मिनिटांत रंगाला फोड आणणारे जुन्या पद्धतीचे रिमूव्हर बहुधा मिथिलीन क्लोराईडचे असतात. या द्रवाचा उत्कलनबिंदू सुमारे 40 अंश सेल्सिअस आहे, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. म्हणजे आपल्याकडे भर दुपारी सावलीतही ते रंगात मुरण्याआधीच उडून जाते, बंद डब्यात दाब धरते आणि झाकण सैल करताच अंगावर उसळू शकते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचते, शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, आणि नेहमीचे नायट्राईलचे हातमोजे या द्रवापुढे काही मिनिटेही टिकत नाहीत. घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी ते विकण्यावर अमेरिकेने 2019 मध्ये बंदी घातली, ती मृत्यू घडल्यानंतरच. थंडीत आणि उघड्यावर चालेल, असे काही जाणकार मित्र सांगतात. मला मात्र ते कोणत्याच ऋतूत नको.

फ्लायव्हील, सिलिंडर आणि बैठक या बिडाच्या भागांसाठी कॉस्टिक सोडा निवडला. दहा लिटर पाण्यात साधारण एक किलो, तोही पाण्यात सोडा थोडा थोडा टाकत. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण द्रावण तापून उसळते. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे याला पर्याय नाही. तेलावर आधारलेल्या रंगाचा कॉस्टिकमुळे अक्षरशः साबण होतो, त्यामुळे जुने थर सहज सुटतात; इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंगावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. ॲल्युमिनियम त्यात टाकलेच तर हायड्रोजन वायू सुटून भाग खाल्ला जातो, आणि बेअरिंगमधील कथील-शिशाचा व्हाइट मेटलही त्यापासून लांब ठेवावा.

इंधनपंपाचे आवरण, गव्हर्नरचे (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचे) झाकण आणि पितळी नावपट्टी यांना म्हणून बेंझिल अल्कोहोलचा जेल लावला. ज्या जेलमध्ये फॉर्मिक आम्ल होते तो गंजाच्या भीतीने टाळला. बेंझिल अल्कोहोल सुमारे 205 अंशांना उकळते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ते उडून न जाता उलट जोमाने काम करते. जाड थर देऊन वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बसवला आणि रात्रभर ठेवले. सकाळी नावपट्टीवरचा हिरवा रंग सायीसारखा सुरकुतला होता. लाकडी पट्टीने तो सरकवताच ठोकलेल्या अनुक्रमांकाचे आकडे एकामागून एक उघडे पडले, आणि पितळेवर ओरखडाही नव्हता. हा जेल महाग आहे, तरीही अशा भागांसाठी तो खर्च मी पुन्हा आनंदाने करीन.

बिडाच्या छिद्रांत मुरलेला कॉस्टिक राहिला तर नवा रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून भरपूर पाणी, मग पातळ व्हिनेगर, पुन्हा पाणी, आणि ओल्या पृष्ठभागावर पीएच पट्टी लावून ती उदासीन दिसेपर्यंत हाच क्रम चालू ठेवला. धुतलेले बीड पाहता पाहता तांबूस होते, त्यामुळे उन्हात तापवून लगेच प्रायमर मारण्याची तयारी आधीच करून ठेवावी लागते. खरवडलेला चिखल आणि पहिले धुवण झाकणाच्या डब्यात वेगळे साठवले आहे. शिसे असलेले ते पाणी विहिरीच्या किंवा केळीच्या बागेच्या वाटेला जाता कामा नये.

दोन्ही फ्लायव्हील आणि सिलिंडर नव्या प्रायमरपर्यंत आले आहेत. बैठकीच्या आतील कोपऱ्यांतली लांबी अजून निघायची आहे, तिथे कॉस्टिकचा दुसरा हात द्यावा लागेल.